कर्नलांची राजवट, ग्रीसमधील : परराष्ट्रसंबंध

ग्रीसमध्ये २१ एप्रिल १९६७ ते २३ जुलै १९७४ या काळात सत्तेवर असलेली लष्करी हुकूमशाही. भूसेनेतील मधल्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांनी ती स्थापन केल्यामुळे ती ‘कर्नलांची राजवट’ या नावाने ओळखली जाते. सत्तांतराच्या वेळी ग्रीस हा उत्तर अटलांटिक करार संघटनेचा (नाटो) व कौन्सिल ऑफ यूरोपचा सभासद आणि यूरोपीय आर्थिक समुदायाचा सहयोगी होता; म्हणजे पश्चिमी राष्ट्रांच्या तीन संघटनांशी तो करारांनी बांधलेला होता. एखाद्या सभासद राष्ट्रातच लोकशाही नष्ट झाली, तर इतरांनी काय करावे, हा प्रश्न तीनही संघटनांपुढे एकाच वेळी उभा राहिला आणि त्यांनी त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली. दुसऱ्या बाजूस, अंतर्गत मान्यता नसलेली राजवट परराष्ट्रकारणाचा उपयोग कसा करते व तो तिच्यावरच कसा उलटतो, याचेही हे प्रकरण ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमध्ये साम्यवादी गनीम व शासन यांत यादवी युद्ध झाले (१९४६–४९). ब्रिटनला ग्रीसचा भार पेलणे अशक्य झाल्यावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मार्च १९४७ मध्ये ट्रूमन सिद्धांतानुसार ती जबाबदारी उचलली. तेव्हापासून ग्रीक सेनेची शस्त्रास्त्रे, शिक्षण व अर्थसाहाय्य ही मुख्यतः अमेरिकेकडून येत. १९५२ मध्ये तुर्कस्तानबरोबरच ग्रीस नाटोत दाखल झाला. यादवीत विजयी झालेल्या सेनादलांत साम्यवादविरोध हा केवळ राजकीय मताचा भाग न राहता नोकरीतील बढतीची कसोटी बनला. डाव्या विचाराच्या नागरिकांवर पोलिसांची नजर असे व सरकारी नोकरीसाठी राजकीय वर्तनाचा दाखला लागे.

कॉन्स्टंटीन करामानलिस याच्या पंतप्रधानपदाच्या कारकीर्दीत (१९५५–६३) आर्थिक प्रगती झाली. यूरोपीय आर्थिक समुदायाशी सहयोगाचा करार ९ जुलै १९६१ रोजी अथेन्स येथे झाला व तो १ नोव्हेंबर १९६२ पासून अंमलात आला. समुदायाने केलेला हा अशा प्रकारचा पहिलाच करार होय. पूर्ण सभासदत्व हे त्याचे अंतिम उद्दिष्ट असल्याने ग्रीसच्या दृष्टीने तो केवळ व्यापारी करार नव्हता. १९६४ च्या निवडणुकीत जॉर्ज पापांद्रेऊ याच्या मध्यममार्गी पक्षास बहुमत मिळाले. परंतु सेनादलांवर कोणाचा अधिकार चालावा या मुद्द्यावरून तरुण राजा दुसरा कॉन्स्टंटीन याच्याशी त्याचा संघर्ष होऊन जुलै १९६५ मध्ये त्याला पद सोडावे लागले. पुढील दोन वर्षे अल्पायुषी मंत्रिमंडळांची गेली. २८ मे १९६७ रोजी निवडणुका ठरल्या होत्या व त्यांत पापांद्रेऊ पुन्हा विजयी होईल, असा सर्वसाधारण अंदाज होता.

सत्तांतर : कर्नल जॉर्जिओस पापादोपूलॉस, ब्रिगेडियर स्टिलिआनॉस पाटाकॉस व कर्नल निकोलाऑस माकारेझॉस या तिघांच्या नेतृत्वाखाली २१ एप्रिलच्या पहाटे रणगाड्यांनी अथेन्स ताब्यात घेतले. साम्यवादी उठाव झाल्यास करावयाच्या बंदोबस्ताची ‘प्रॉमीथिअस’ नावाची आराखडा-योजना आधीच तयार होती. कटवाल्यांनी तीच वापरली. उठाव मात्र कोठेच झालेला नव्हता. पंतप्रधान पानायोतिस कानेलोपूलॉस यासह सर्व पक्षांचे पुढारी पकडले गेले. हजारो लोकांना अटक होऊन त्यांतील बहुतेकांची रवानगी यिआरॉस व लेरॉस या बेटांवर झाली. संविधानातील मूलभूत हक्कांची कलमे तहकूब करून लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण बसविण्यात आले.

राजाने काहीशा अनिच्छेने नव्या मंत्रिमंडळास शपथ दिली. या एका कृतीचे आंतरराष्ट्रीय परिणाम मोठे झाले. राष्ट्रप्रमुख तोच राहिल्यामुळे परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे वैध राहिली आणि नव्या शासनास मान्यता द्यावी किंवा नाही, हा अवघड प्रश्न कोणत्याच सरकारला तातडीने सोडवावा लागला नाही. १३ डिसेंबर १९६७ रोजी राजाने स्वतः केलेला प्रतिउठाव फसला व तो रोमला निघून गेला, तेव्हा हा आडोसा गेला. पापादोपूलॉस पंतप्रधान झाला आणि एका जनरलला राजप्रतिनिधी नेमण्यात आले. काही आठवडे पाश्चात्त्य राजदूतांनी नव्या शासनाशी औपचारिक संपर्क टाळला. तथापि जानेवारी १९६८ अखेर अमेरिकेसह बहुतेकांनी नेहमीचे व्यवहार पुन्हा सुरू केले.

नाटो व अमेरिकेची संयुक्त संस्थाने : नाटो कराराच्या प्रास्ताविकात लोकशाही व व्यक्तिस्वातंत्र्य यांचा उल्लेख आहे, पण सभासदास काढून टाकण्याची तरतूद त्यात नाही. सालाझारचा पोर्तुगाल हा संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असल्यामुळे प्रास्ताविकाचा आधार घेणाऱ्यांची बाजू प्रारंभापासूनच लंगडी होती. डेन्मार्क व नॉर्वे यांनी ग्रीसचा प्रश्न संघटनेत अनेकदा काढला, परंतु तेथे त्यावर निर्णय असा कधीच झाला नाही.

अमेरिकेने मे १९६७ मध्ये जड शस्त्रास्त्रांचा पुरवठा थांबविला. रणगाडे व विमाने यांवर ही बंदी होती. हलकी शस्त्रे, दारूगोळा व सुटे भाग यांचा पुरवठा चालूच राहिला. अंतर्गत दडपशाहीला रणगाड्यांपेक्षा हलकी शस्त्रेच अधिक उपयोगी पडतात, हे लक्षात घेता या निर्बंधाचे स्वरूप प्रतीकात्मकच होते. शिवाय काळही राजवटीला अनुकूल ठरला. सत्तांतरानंतर दीड महिन्याच्या आत अरब-इझ्राएल युद्ध (जून १९६७) झाले, सोव्हिएट आरमाराचा भूमध्य समुद्रातील वावर वाढला, ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण झाले आणि सप्टेंबर १९६९ मध्ये लिबियातील राजेशाही उलथून अमेरिकेला तेथील व्हीलस हा हवाई तळ गमवावा लागला. प्रत्येक घटनेने ग्रीक बंदरे व तळ यांचे मोल वाढत गेले. नवीन संविधानाचे आश्वासन, त्यावरील सप्टेंबर १९६८ चे सार्वमत व निवडणुकांची वारंवार पुढे ढकललेली ग्वाही एवढ्यावर वॉशिंग्टनने समाधान मानले. २२ सप्टेंबर १९७० रोजी शस्त्रबंदी पूर्णपणे उठविण्यात आली.

यानंतरचे संबंध उघड स्नेहाचे होते. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू याचा पिता ग्रीसमधून आलेला होता. त्याने ऑक्टोबर १९७१ मध्ये ग्रीसला दिलेल्या भेटीचा राजवटीने भरपूर डांगोरा पिटला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या आरमारातील काही युद्धनौकांना अथेन्सच्या परिसरात कायमचे ठाणे देण्याचा करार होऊन खलाशी आपल्या कुटुंबियांसह तेथे राहू लागले. अमेरिकन काँग्रेसमध्ये या धोरणाला विरोध होता. १९७१ मध्ये ग्रीसला लष्करी मदत बंद करण्याचा निर्णय तिने घेतला, मात्र राष्ट्रीय सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास अपवाद करण्याची मुभा राष्ट्राध्यक्षाला ठेवली. निक्सनने ती पुढील वर्षाच्या प्रारंभीच वापरली. सत्तांतर अमेरिकेने घडवून आणले, हा ग्रीसमध्ये दृढमूल झालेला समज कागदपत्रांनी सिद्ध झालेला नाही. पण राजवट टिकविण्यात तिचा वाटा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये अथेन्स येथे बोलताना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन याने शीतयुद्धातील हितसंबंधांपुढे लोकशाहीला पाठिंबा देण्याचे कर्तव्य मागे पडले, अशी कबुली दिली.

ग्रीक प्रकरण : या काळातील सर्वांत महत्त्वाची आंतरराष्ट्रीय कारवाई मोठ्या राष्ट्रांनी नव्हे, तर छोट्या राष्ट्रांनी केली. २० सप्टेंबर १९६७ रोजी डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन यांनी आणि आठवड्याभराने नेदर्लंड्सने यूरोपीय मानवी हक्क आयोगाकडे ग्रीसविरुद्ध अर्ज केले. यूरोपीय मानवी हक्क संकेतानुसार एक राष्ट्र दुसऱ्याविरुद्ध तक्रार करू शकते. परंतु तोपर्यंतच्या अशा तक्रारींत तक्रारदाराचा स्वतःचा काही संबंध असे. ब्रिटिश अंमलातील सायप्रसविषयी १९५६ मध्ये खुद्द ग्रीसनेच ब्रिटनविरुद्ध तक्रार केली होती, तीही सायप्रसमधील ग्रीकांसाठी. या चौघांच्या बाबतीत तसे नव्हते. त्यांच्या एकाही नागरिकाला इजा झालेली नव्हती व त्यांना नुकसानभरपाईही नको होती.

ग्रीक शासनाचा बचाव संकेताच्या १५ व्या कलमावर आधारलेला होता. राष्ट्राच्या जीवितालाच धोका उत्पन्न करणाऱ्या आणीबाणीत काही हक्क तहकूब करण्याची परवानगी हे कलम देते. साम्यवादी क्रांती तोंडावर येऊन ठेपली होती, असे शासनाचे म्हणणे. मात्र या कलमातच एक मर्यादा आहे : छळापासून संरक्षणाचा हक्क कोणत्याही आणीबाणीत तहकूब करता येत नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या प्रतिनिधींनी अथेन्समध्ये सुटलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन जानेवारी १९६८ मध्ये छळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर स्कँडिनेव्हियातील तीनही देशांनी आपल्या तक्रारीत या आरोपाची भर घातली व प्रकरणाला निराळे वळण लागले. हुकूमशाहीची राजकीय आवश्यकता हा वादाचा विषय होऊ शकत होता. अथेन्समधील बुबुलिनास मार्गावरील पोलीस मुख्यालयाच्या गच्चीवर तळपायांवर दिलेल्या माराची आवश्यकता हा होऊ शकत नव्हता.

आयोगाच्या उपसमितीने स्ट्रॅस्बर्ग येथे साक्षी नोंदविल्या. ग्रीक शासनाने आणलेल्या साक्षीदारांपैकी काहींनी तेथे पोचल्यावर पळ काढून उलट बाजूने साक्ष देण्याची तयारी दाखविली. मार्च १९६९ मध्ये उपसमिती अथेन्सला गेली. तिला काही साक्षीदार भेटू दिले गेले, पण आव्हेरॉफ तुरुंग व लेरॉसवरील छावणी पाहण्यास मनाई झाल्याने तिने पाहणी आटोपती घेतली. नोव्हेंबर १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या विस्तृत अहवालात आयोगाने असा निर्णय दिला, की २१ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्राच्या जीवितास धोका असल्याचे शासनास सिद्ध करता आलेले नाही; व्यक्तिस्वातंत्र्य, न्याय्य चौकशी, अभिव्यक्ती, संघटना व मुक्त निवडणुका यांविषयीच्या कलमांचा भंग झाला आहे; आणि राजकीय कैद्यांचा छळ ही तुरळक अधिकाऱ्यांची आगळीक नसून वरिष्ठांनी चालू दिलेली प्रशासकीय प्रथा आहे. ‘प्रशासकीय प्रथा’ ही संज्ञा या प्रकरणाने मानवी हक्कांच्या कायद्याला दिली. अशी प्रथा असेल तेथे स्थानिक न्यायालयांकडे आधी दाद मागण्याची अट लागू होत नाही, हे त्यातील तत्त्व पुढील अनेक प्रकरणांत वापरले गेले.

कौन्सिल ऑफ यूरोपच्या घटनेतील ३ ऱ्या कलमानुसार कायद्याचे राज्य व मानवी हक्क यांचे पालन ही सभासदत्वाची अट आहे व ८ व्या कलमानुसार तिचा गंभीर भंग करणाऱ्यास निलंबित करता येते. संघटनेच्या सल्लागार सभेत डच प्रतिनिधी माक्स व्हान डर स्टूल याने ग्रीसविषयी अहवाल सादर केले व जानेवारी १९६९ मध्ये सभेने मंत्रिसमितीकडे कारवाईची शिफारस केली. १२ डिसेंबर १९६९ रोजी पॅरिस येथे मंत्रिसमिती भरली, तेव्हा निलंबनाच्या बाजूने पुरेशी मते असल्याचे उघड दिसत होते. मतदान होण्यापूर्वीच ग्रीक परराष्ट्रमंत्री पानायोतिस पिपिनेलिस याने ग्रीस संघटनेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले व मानवी हक्क संकेतही झुगारून दिला. राजवटीने ही माघार स्वाभिमानाची म्हणून देशात मांडली. एप्रिल १९७० मध्ये मंत्रिसमितीने आयोगाचा अहवाल प्रसिद्ध करण्याचे ठरविले. या खटल्याने एकही कैदी सुटला नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला व तो पूर्णतः खोटाही नाही. परंतु शपथेवर नोंदविलेला व उलटतपासणीतून गेलेला पुरावा यामुळे हुकूमशाही चालू असतानाच तयार झाला, ही गोष्ट आधी क्वचितच घडली होती.

यूरोपीय आर्थिक समुदाय : समुदायाने मधला मार्ग स्वीकारला. सहयोगाचा करार रद्द झाला नाही, पण तो केवळ दैनंदिन प्रशासनापुरता चालू ठेवण्यात आला. शेतीधोरणाच्या मेळासंबंधी चाललेल्या वाटाघाटी थांबल्या आणि करारान्वये मंजूर असलेल्या १२·५ कोटी डॉलर कर्जापैकी न दिलेली रक्कम अडवून ठेवण्यात आली. उलट जकातीतील ठरलेल्या सवलती चालूच राहिल्याने ग्रीक औद्योगिक माल समुदायाच्या देशांत जातच राहिला. पश्चिम जर्मनीत लाखो ग्रीक मजूर काम करीत होते, त्यांनी घरी पाठविलेला पैसा हा ग्रीसच्या परकीय चलनाचा मोठा आधार होता. तोही अबाधित राहिला. फ्रान्सने क्षेपणास्त्रवाहू नौका विकल्या. एकंदरीत या गोठवणीचा आर्थिक चिमटा फारसा बसला नाही. तिचे महत्त्व दुसरीकडे होते : लोकशाही नसलेल्या देशास समुदायाचे दार बंद राहील, हे कोठेही स्पष्ट लिहिलेले नसलेले तत्त्व तिने प्रस्थापित केले आणि ग्रीक व्यापारी व नोकरशाही वर्गाच्या ते ध्यानात आले.

साम्यवादी देश : साम्यवादापासून राष्ट्र वाचविल्याची घोषणा करणाऱ्या राजवटीचे साम्यवादी शेजाऱ्यांशी संबंध, काहीसे अनपेक्षितपणे, सुरळीत राहिले. प्रारंभीच्या निषेधानंतर सोव्हिएट रशिया व पूर्व यूरोपीय देश यांनी व्यापार चालू ठेवला. बल्गेरियाशी संबंध सुधारले. अल्बेनियाशी १९४० पासून तांत्रिक दृष्ट्या युद्धस्थिती चालू होती. तिच्याशी मे १९७१ मध्ये राजनैतिक संबंध जोडण्यात आले व जून १९७२ मध्ये चीनच्या जनता प्रजासत्ताकास मान्यता देण्यात आली. एकाकी पडलेल्या शासनास कोणाचीही मैत्री हवी होती आणि नाटोतील फूट मॉस्कोच्या फायद्याची होती. बेटांवरील छावण्यांत असलेल्या ग्रीक साम्यवाद्यांना याचे जे वाटले असेल, त्याचा त्यांच्या पक्षात १९६८ मध्ये पडलेल्या फुटीशी काही संबंध जोडता येतो. मात्र त्या फुटीची कारणे अधिक व्यापक होती.

देशाबाहेरील विरोध : अभिनेत्री मेलिना मेर्कूरी, संगीतकार मिकिस थेओदोराकिस, वृत्तपत्रांचे प्रकाशन स्वतःहून बंद करून लंडनला निसटलेली एलेनी व्ह्लाखू, जॉर्ज पापांद्रेऊचा पुत्र व अर्थशास्त्रज्ञ आंद्रेआस पापांद्रेऊ यांनी परदेशांत लोकमत जागे ठेवले. पापादोपूलॉसच्या हत्येचा प्रयत्न (ऑगस्ट १९६८) करणारा आलेकॉस पानागूलिस यास झालेली देहान्ताची शिक्षा जगभर झालेल्या निषेधामुळे अंमलात आली नाही. नोबेल पारितोषिकविजेता कवी व माजी राजदूत जॉर्ज सेफेरिस याने मार्च १९६९ मध्ये आपले मौन सोडून दिलेले निवेदन बीबीसीच्या ग्रीक सेवेवरून प्रक्षेपित झाले. त्यावर शासनाने त्याचा राजनैतिक पासपोर्ट व सन्माननीय राजदूत ही पदवी काढून घेतली. बीबीसी व पश्चिम जर्मन नभोवाणी यांच्या ग्रीक कार्यक्रमांना त्या काळात देशी वृत्तपत्रांपेक्षा अधिक विश्वासार्हता होती.

राजवटीची घसरण : १९७३ हे वर्ष निर्णायक ठरले. मे महिन्यात नौदलातील कट उघडकीस आला. नाटोच्या कवायतीत भाग घेत असलेल्या ‘व्हेलॉस’ या विनाशिकेचा कप्तान निकोलाऑस पापास याने नौका इटलीच्या किनाऱ्याकडे वळविली व आपल्या काही सहकाऱ्यांसह तेथे राजकीय आश्रय मागितला. नाटोच्या ध्वजाखाली घडलेल्या या प्रसंगाने राजवटीची अवस्था मित्रराष्ट्रांच्या नजरेस जितकी आणली, तितकी कोणत्याही अहवालाने आणली नव्हती. पापादोपूलॉसने १ जून रोजी राजेशाही नष्ट करून स्वतःस अध्यक्ष घोषित केले व ऑक्टोबरमध्ये स्पिरॉस मार्केझिनिस याचे मुलकी मंत्रिमंडळ नेमून निवडणुकांचे आश्वासन दिले. १४ नोव्हेंबरपासून अथेन्सच्या तंत्रविद्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ठाण मांडले. १७ नोव्हेंबरच्या पहाटे रणगाड्याने प्रवेशद्वार मोडले. त्या दिवसांत शहरात किमान २४ जण मृत्यू पावल्याचे पुढे निश्चित झाले. आठवड्याभरातच (२५ नोव्हेंबर) लष्करी पोलिसांचा प्रमुख ब्रिगेडियर दिमित्रिऑस इओआनिदिस याने पापादोपूलॉसला पदच्युत केले.

इओआनिदिसने स्वतः कोणतेही शासकीय पद घेतले नाही. अध्यक्ष व पंतप्रधान दुसरेच होते. निर्णय मात्र तो घेई. यामुळे परराष्ट्रव्यवहारात एक विलक्षण अडचण निर्माण झाली : अथेन्सशी बोलावयाचे म्हणजे कोणाशी, हेच परदेशी वकिलातींना ठरविता येईना. अमेरिकन राजदूत हेन्री टास्का याने अधिकारपद नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याशी बोलणे नाकारले व त्याच्याशी संपर्क गुप्तहेर संघटनेच्या अधिकाऱ्यांकडे राहिला. हे नियमाला धरून होते, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

सायप्रसचा पेचप्रसंग : सायप्रसला १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान हे तिच्या स्वातंत्र्याचे हमीदार झाले. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक व तुर्की सायप्रसवासियांत दंगली उसळल्या व मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे आली. तिचे पहिले सेनापती जनरल प्रेमसिंग ग्यानी व त्यांच्यानंतरचे जनरल को. सु. थिमय्या (हे तेथेच १९६५ मध्ये निधन पावले) हे भारतीय होते. कर्नलांनी सत्तेवर येताच सप्टेंबर १९६७ मध्ये तुर्की पंतप्रधान सुलेमान देमिरेल याच्याशी सरहद्दीवर वाटाघाटी करून सायप्रसचे ग्रीसमध्ये विलीनीकरण साधण्याचा प्रयत्न केला. पूर्वतयारी नसल्यामुळे तो हास्यास्पद रीत्या फसला. नोव्हेंबरमध्ये जनरल ग्रिव्हास याच्या सैनिकांनी कोफिनू परिसरातील तुर्की वस्त्यांवर हल्ला केल्यावर तुर्कस्तानने युद्धाची धमकी दिली आणि अमेरिकन दूत सायरस व्हान्स याच्या मध्यस्थीने ग्रीसला, करारातील संख्येपेक्षा अधिक असलेले आपले हजारो सैनिक व ग्रिव्हास यांना परत बोलवावे लागले. १९७४ मध्ये बेटाच्या बचावास याच सैनिकांची उणीव भासली.

सायप्रसचा राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिऑस हा अलिप्ततावादी होता व विलीनीकरणाचा नाद त्याने व्यवहारात सोडून दिला होता. इओआनिदिसच्या दृष्टीने तो राष्ट्रद्रोही व साम्यवाद्यांचा हस्तक होता. याच सुमारास इजीअन समुद्रात थासॉस बेटाजवळ तेल सापडल्याने सागरतळाच्या मालकीवरून तुर्कस्तानशी वाद पेटला आणि महागाईने देशातील असंतोष वाढला. विद्यापीठातील रक्तपातानंतर राजवटीला एखाद्या राष्ट्रीय यशाची निकड होती. २ जुलै १९७४ रोजी मकारिऑसने ग्रीक अध्यक्षास पत्र लिहून सायप्रसच्या राष्ट्रीय रक्षक दलातील सुमारे ६५० ग्रीक अधिकारी परत बोलावण्याची मागणी केली. ग्रीक परराष्ट्रमंत्र्याने व त्याच्या खात्यातील ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी संघर्षाचे धोरण पाहून राजीनामे दिले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात सायप्रसचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी अनेक आठवडे धोक्याचे इशारे दिले होते. पण साहसाला विरोध दर्शविणारा संदेश इओआनिदिसला प्रत्यक्ष व निःसंदिग्ध शब्दांत पोचलाच नाही. वॉशिंग्टनचे लक्ष त्या दिवसांत निक्सनच्या भवितव्याकडे लागलेले होते.

१५ जुलै रोजी रक्षक दलाने निकोसिया येथील अध्यक्षीय प्रासादावर हल्ला केला आणि तुर्कविरोधी दहशतवादी म्हणून कुप्रसिद्ध असलेला निकॉस सांपसॉन यास राष्ट्राध्यक्ष म्हणून पुढे केले. याहून वाईट निवड करणे कठीण होते. मकारिऑस प्रासादाच्या मागील बाजूने निसटून पाफॉसला व तेथून ब्रिटिश तळामार्गे लंडनला पोचला. तुर्की पंतप्रधान ब्यूलेंत एजेविट याने १७ जुलै रोजी लंडनला जाऊन हमीदार या नात्याने संयुक्त कारवाईची मागणी केली. ब्रिटनने ती नाकारली. हेन्री किसिंजरने आपला सहायक जोसेफ सिस्को यास मध्यस्थीसाठी धाडले, परंतु सांपसॉनचा उघड निषेध करण्याचे टाळले. १९ जुलै रोजी मकारिऑसने सुरक्षा समितीपुढे ग्रीसवर आक्रमणाचा आरोप केला व दुसऱ्याच पहाटे तुर्की सेना किरिनियाजवळ उतरली.

ग्रीसमध्ये सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूम सुटला आणि सात वर्षे सेनेचेच राज्य असलेल्या देशात सेना लढण्यास असमर्थ असल्याचे दिसून आले. राखीव सैनिक हजर झाले, तेव्हा पुरेशी शस्त्रे नव्हती व कोणी कोठे जावयाचे याचा पत्ता नव्हता. बढत्या व नेमणुका राजनिष्ठेवर झालेल्या असल्याने भूसेना शहरांचा बंदोबस्त शिकली होती, युद्ध नव्हे. सेनादलांच्या प्रमुखांनी तुर्कस्तानवर हल्ला करण्याचा इओआनिदिसचा आदेश मानला नाही. निकोसियाच्या विमानतळावरून दोन्ही बाजूंत चकमक होण्याचा संभव निर्माण झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे भारतीय सेनापती लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांनी २३ जुलै रोजी तो संयुक्त राष्ट्रांचे संरक्षित क्षेत्र म्हणून ताब्यात घेतला. त्याच दिवशी अथेन्समध्ये सेनापतींनी जुन्या राजकीय पुढाऱ्यांना बोलावून सत्ता सोपविण्याची तयारी दर्शविली. फ्रेंच राष्ट्राध्यक्षाने दिलेल्या विमानाने करामानलिस पॅरिसहून मध्यरात्रीनंतर अथेन्सला पोचला व पंतप्रधान झाला.

परिणाम : राजवट गेली, तरी तिच्या कृत्याचा परिणाम टळला नाही. जिनीव्हा येथील वाटाघाटी फिसकटताच १४ ऑगस्ट रोजी तुर्की सेनेने दुसरी चढाई करून बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक प्रदेश व्यापला. पहिल्या कारवाईस करारातील हमीचा आधार सांगता येत होता; अथेन्स व निकोसिया या दोन्ही ठिकाणी कायदेशीर शासन आलेले असता केलेल्या दुसऱ्या कारवाईस तसा आधार नव्हता. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रसवासी उत्तरेतील घरे सोडून दक्षिणेत आले आणि तुर्की सायप्रसवासी उत्तरेत गेले. नाटो काही करू शकली नाही, या संतापाने करामानलिसने त्याच दिवशी ग्रीसला संघटनेच्या लष्करी यंत्रणेतून बाहेर काढले. तेथे ग्रीस ऑक्टोबर १९८० मध्येच परतला. अशा रीतीने ज्या तळांसाठी अमेरिकेने राजवटीला सांभाळले होते, त्यांविषयीचे ग्रीक लोकमत दीर्घकाळ प्रतिकूल झाले. तुर्कस्तानवर काँग्रेसने फेब्रुवारी १९७५ पासून घातलेल्या शस्त्रबंदीमुळे (ती १९७८ मध्ये उठली) तेथेही कटुता आली.

ग्रीसमधील संक्रमण मात्र त्वरेने व रक्तपातावाचून झाले. नोव्हेंबर १९७४ मध्ये निवडणुका होऊन त्याच महिन्याच्या अखेरीस ग्रीस कौन्सिल ऑफ यूरोपमध्ये परतला. डिसेंबरमधील सार्वमताने राजेशाहीचा शेवट कायम केला. ऑगस्ट १९७५ मध्ये पापादोपूलॉस, पाटाकॉस व माकारेझॉस यांना देहान्ताची शिक्षा झाली. शासनाने ती जन्मठेपेत बदलली. लष्करी पोलिसांतील छळ करणाऱ्यांवर स्वतंत्र खटले चालले. इओआनिदिस २०१० मध्ये मृत्यू पावेपर्यंत शिक्षाधीनच होता. गोठविलेला सहयोग करार पुन्हा चालू होऊन करामानलिसने १२ जून १९७५ रोजी पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज केला व १ जानेवारी १९८१ पासून ग्रीस समुदायाचा दहावा सभासद झाला. लोकशाहीची जी अट १९६७ मध्ये अध्याहृत होती, ती स्पेन व पोर्तुगाल यांच्या प्रवेशाच्या वेळी गृहीतच धरली गेली.

सायप्रसची फाळणी मिटलेली नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये उत्तरेत घोषित झालेल्या तुर्की प्रजासत्ताकास तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिली नाही. सायप्रसचे प्रजासत्ताक २००४ मध्ये यूरोपीय संघात आले, पण संघाचा कायदा बेटाच्या उत्तर भागात स्थगित आहे. संयुक्त राष्ट्रांची सेना दोन्ही भागांमधील पट्ट्यात अद्याप तैनात आहे आणि निकोसियाचा जुना आंतरराष्ट्रीय विमानतळ, १९७४ च्या जुलैपासून नियमित वाहतुकीस बंद, याच संरक्षित क्षेत्रात पडून आहे.